बटणांच्या पेटीतली थरथर

१२ सप्टेंबर, शुक्रवार

ऑफिस अर्धा दिवस. ऊद मेथाहून घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला पोचेपर्यंत अर्धा जीव दुबईच्या रस्त्यातच गेला. जेवून जरा आडवी झाले तर भिंतीपलीकडे पुन्हा तेच सुरू.

शेजारच्या लुसचे वडील कोलंबियाहून आलेत. एलियास नाव, साठी उलटलेली, सोबत एक अकॉर्डियन. आपल्या ऑर्केस्ट्रात असायचं तसं पियानोच्या पट्ट्यांचं नव्हे, तीन ओळी नुसती बटणं. मी तिला बटणांची पेटी म्हणते. माणूस वाजवतो झकास. पडल्या पडल्या माझा पाय हलत होता. पण सूर! एकूणएक सूर थरथरतो. सांगलीच्या पेटीवाल्याची मुलगी मी. अण्णांच्या दुकानात सुराला सूर जुळवताना बघत लहानाची मोठी झाले, स्वतः शेकडो जुळवले. असं काही ऐकलं की दात शिवशिवतात.

रेवाला म्हटलं, "पेटी बेसूर आहे त्यांची."
हेडफोन न काढता उत्तर : "इट्स नॉट, आई. इट्स ब्यूटिफुल."
पोटच्या पोरीला आईच्या कानाची किंमत नाही.

१४ सप्टें., रवि.

एलियासना जेवायला बोलावलं. नवरा, श्रीसुद्धा होता, दुपारनंतर रुवैसला रिफायनरीवर परत निघायचं होतं. आमटी-भात, बटाट्याची भाजी, शिकरण. शिकरण त्यांनी दोनदा मागून घेतलं. त्यांना इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही. रेवाच्या फोनमधली भाषांतरवाली बाई दोघांच्या मधे बसून हिंदीत बोलते, बातम्या दिल्यासारखी. "मैं आपके केले से अत्यंत प्रसन्न हूँ." श्रीला ठसका लागला.

मला ते दोन्या नांदा म्हणतात. नंदाताई म्हटल्यासारखंच.

रेवाचं काय चाललंय ते आज नीट कळलं. दिवसा जाहिरात कंपनी, संध्याकाळी लॅपटॉपवर गाणी, एवढं माहीत होतं. आता एलियासच्या गावाकडच्या जुन्या चाली, कुंबिया म्हणतात त्यांना, आणि हिचे लॅपटॉपमधले ठोके, घुमारे, शिट्ट्या, असं एकत्र करायचंय. ११ ऑक्टो.ला अल कूझमधल्या एका गोदामात कार्यक्रम. १५ला एलियासचं परतीचं विमान. लुस नर्स आहे, या आठवड्यात नाइट ड्यूटी, दिवसा झोपते. म्हणून तालीम आमच्या हॉलमध्ये. मला कोणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी हो म्हटलं असतं.

१५ सप्टें., सोम.

ऑफिसातून आले तर घरात शांतता. शांतता म्हणजे भांडण झालेलं.

रेवा हेडफोनमधून त्यांना टिक-टिक देते आणि त्यावर वाजवा म्हणते. एलियास मुखडा संपून पुढे सरकताना जरासे धावतात, शेवटाला जरासे रेंगाळतात. यंत्र ना धावत ना रेंगाळत. मग रेवाने नंतर कॉम्प्युटरवर त्यांचा एकेक सूर उचलून बरोब्बर ठोक्यावर बसवला आणि ऐकवला. ते लक्ष देऊन ऐकत बसले. फोनमधल्या बाईने भाषांतर केलं : "यह कौन सज्जन हैं? क्या इनका देहांत हो गया?"

हे ऐकून मी हसून लोळायची बाकी होते. रेवा फुरंगटली. तिला म्हटलं, "बाळा, आम्ही भजनी मंडळात काय करतो? सुलभाताई गातात, मी पेटीवर मागे. त्या धावल्या तर मी धावते, थांबल्या तर थांबते. साथ करणारा पुढे होत नाही. त्यांना सरळ करू नकोस, तुझं मशीन त्यांच्या मागे लाव."
"मशीन डझन्ट फॉलो, आई."
"मग हाताने वाजव."

१७ सप्टें., बुध.

वाजवलं! एक चौकोनी पाटी आहे तिच्याकडे, रबराची बटणं असलेली. ठोके सगळे त्यात भरले आणि बोटांनी वाजवते, डोळे एलियासच्या भात्यावर. भाता उघडला की हिचा घुमारा उघडतो. पहिल्यांदाच मला त्यातलं काही कळलं. एलियासनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

खोबरं किसत होते तर ते धावत किचनमध्ये. किसणी हातातून ओढून घेतली, काटा मागितला, आणि किसणीवर खर्र-चक-चक, खर्र-चक-चक. त्यांच्याकडे असंच एक खरखरणारं वाद्य असतं म्हणे, सामानात मावलं नाही. आता माझी किसणी लॅपटॉपमध्ये गेली. खोबरं विळीवर खवलं.

१८ सप्टें., गुरु.

आज एकेक बटण स्वतंत्र रेकॉर्ड करायचं चाललं होतं. प्रत्येक बटणाचे दोन सूर, भाता ओढताना एक, दाबताना दुसरा. रेवाला ते सगळे तुकडे हवेत, म्हणजे तिच्या पाटीवरूनही तोच आवाज काढता येईल. हॉलमध्ये गाद्या उभ्या केल्या, ए.सी. बंद, पंखा बंद, मला बोलायची बंदी. घामाच्या धारा. शेवटच्या बटणाचा शेवटचा सूर चालू होता आणि माझ्या कुकरने शिट्टी दिली. लांबलचक.

"आऽऽई!"
एलियास खो खो हसले, हातानेच खूण केली, पुरे, उद्या. मी डाळ वाढली.

२० सप्टें., शनि.

वाईट झालं.

काल लुसला सुट्टी होती, वडिलांना फिरवायला घेऊन गेली. पेटी गाडीच्या डिकीत, कोणाला तरी वाजवून दाखवायची होती. जेवण, मग मॉल, मग समुद्र. गाडी उघड्यावर पार्क. इथल्या सप्टेंबरात डिकीत अंडं ठेवलं तर उकडून निघेल. या पेटीत धातूच्या पट्ट्या लाकडावर मेणाने चिकटवलेल्या असतात. मेण वितळलं.

आज बटण दाबलं की आत काहीतरी खुळखुळतं, नाहीतर नुसता वारा. एलियास सोफ्यावर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. लुस रडून रडून लाल. करामातल्या वाद्यांच्या दुकानदाराने बघितलीसुद्धा नाही नीट. "बाहर भेजना पड़ेगा हबीबी, दो महीना, इन्शाल्ला." वर आठशे दिरहॅम, म्हणजे जवळजवळ एकोणीस हजार रुपये, नुसते पाठवायचे.

रेवा माझ्याकडे बघत म्हणाली, "आई विल फिक्स इट."
छाती धडधडायला लागली. खरं सांगायचं तर भीतीने नव्हे.

२१ सप्टें., रवि.

डायनिंग टेबलवर जुनी चादर, श्रीचे स्क्रू-ड्रायव्हर, अण्णांच्या कानशी. त्या मी लग्नात दागिन्यांबरोबर आणल्या होत्या. उघडली. अगं बाई. आत आपली पेटीच! तीच पट्टी, तोच जिभेसारखा कंप, तोच भात्याचा वास. फक्त सगळं उभं आणि इवलंसं. अण्णा असते तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले असते, हिची-आपली एकच आजी.

मेण देऱ्याच्या मसाल्याच्या बाजारातून, राळ व्हायोलिनच्या दुकानातून. श्रीला रुवैसला पिटाळण्याऐवजी मेण ढवळायला बसवलं. शेवटी उशिरा निघाला बिचारा, जाताना किसणी आणि काटा घेऊन गेला. "तिथे संध्याकाळी करायला आहेच काय," म्हणे. एलियासनी त्याला ठेका शिकवलाय.

२४ सप्टें., बुध.

पट्ट्या सगळ्या पुन्हा बसवल्या. एकही तुटलेली नाही. पण उन्हाने सुरांची पार वाट लावलीय. प्रत्येक सुराच्या दोन जोडीदार पट्ट्या, आणि एकही जोडी एकमेकीला मिळत नाही! एक जरा चढी, एक जरा उतरलेली. आधीच बेसूर, त्यात हे ऊन. म्हटलं उघडलीच आहे तर अर्धवट काम का करा. टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. रोज ऑफिसातून आल्यावर बसते. चहा थंड होतो. इतका आनंद मला किती वर्षांत झाला नव्हता कोण जाणे.

२६ सप्टें., शुक्र.

झाल्या. सगळ्या जोड्या. दोन पट्ट्या मिळून एकच सूर, गुळगुळीत, घासलेल्या पितळेसारखा. हॉलमध्ये एकटीच वाजवत बसले, सा रे ग म. भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोकडे बघून म्हटलं, ऐका.

२८ सप्टें., रवि.

काय लिहू.

शिरा केला होता. श्री, रेवा, लुस, सगळे हॉलमध्ये. एलियासनी पेटी छातीशी घेतली, तिला थोपटलं, एक सूर धरला. थांबले. दुसरा धरला. मग आख्खी चाल वाजवली, डोळे मिटून, हळू. मला वाटलं भारावले. मग उठले, माझे दोन्ही हात हातात घेतले, "ग्रासियास, दोन्या नांदा." शिरा खाल्ला. हसलेसुद्धा. पण पेटी खोक्यात ठेवून झाकण लावलं, आणि हा माणूस खोक्याचं झाकण कधीच लावत नाही.

संध्याकाळी लुस एकटी आली. दारातच उभी. "आंटी, यू डिड सो मच. प्लीज डोन्ट फील बॅड." आणि मग सांगितलं.

ती थरथर मुद्दाम असते. त्या पेट्या तशाच लावतात, दोन पट्ट्या एकमेकींपासून केसभर लांब. आणि ही पेटी लावली होती एलियासच्या थोरल्या भावाने. तोमास. गावातल्या सगळ्या पेट्या तोच लावायचा, आणि लांबून ऐकूनच लोक सांगायचे की ही तोमासच्या हातची. दोन वर्षांपूर्वी गेला. त्याने लावलेली घरातली ही शेवटची.

मी ती थरथर एकेक सूर करून पुसली. कानशीने. आनंदाने.

२९ सप्टें., सोम.

रजा टाकली. जेवण गेलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रेवाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं की त्यांना सरळ करू नकोस, आणि स्वतः काय केलं? ती निदान कॉम्प्युटरवर करत होती, पुसता येण्यासारखं. मी धातूवर केलं.

श्रीचा फोन. "अगं, लोक बेसूर करून ठेवतात, तू सुरात आणलंस. त्यावर रडणारी जगात तू एकटीच असशील."
"तुला नाही कळायचं."
"मला किसणी कळते," म्हणाला. एवढ्या रडण्यातही हसू आलं, मेल्याचा राग आला.

रेवा ऑफिसातून आली, माझ्याशेजारी जमिनीवर बसली. ओरडेल असं वाटलं होतं. लॅपटॉप मांडीवर घेतला, एक बटण दाबलं. थरथरणारा सूर. दुसरं दाबलं. तोही. "आई, आय हॅव हिम. तोमास. ऑल ऑफ इट, बटन बाय बटन. कॅन यू गो बॅक?"

मी तिला ते दुसरं बटण परत दाबायला लावलं.

३० सप्टें., मंगळ.

मागे जाता येतं, पण एकदाच. पट्टी आधीच एकदा खरवडलीय. आता उलट्या बाजूने पुन्हा खरवडायची म्हणजे आणखी पातळ होणार. हात चुकला तर तुटेल, आणि तुटली तर इथे दुसरी मिळणार नाही. कार्यक्रम अकरा दिवसांवर.

लुसला म्हटलं, वडिलांना सगळं सांग, धोक्यासकट. मला परत हात लावू देतील का विचार. नाही म्हणाले तर मी समजेन.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी चौरंग मांडला. माझी पेटी, अण्णांच्या कानशी, रेवाचा लॅपटॉप, श्रीचे पाने-पक्कड. झेंडू, हळदकुंकू. बेल वाजली. दारात एलियास, पेटी दोन्ही हातांवर, लहान मूल द्यावं तशी पुढे केलेली.

चौरंगावर माझ्या पेटीशेजारी ठेवली. कुंकू लावताना विचारलं, चालेल? त्यांनी स्वतःच्या छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग स्वतःचंही कपाळ पुढे केलं. त्यांनाही लावलं.

फोनमधल्या बाईला मधे बसवून विचारलं, तोमास किती अंतर ठेवायचे? काही हिशेब? त्यांनी दोन बोटं टेबलावर शेजारी शेजारी चालवून दाखवली. मग सांगितलं : तोमास म्हणायचा, दोन भाऊ एकाच रस्त्याने चाललेत, गप्पा मारत. एक जरासा पुढे. पण इतका पुढे नाही की दुसऱ्याला ओरडावं लागेल.

हिशेब म्हणून काही कामाचा नाही. पण मला कळलं.

३ ऑक्टो., शुक्र.

काल दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली पट्टी. रेवाच्या लॅपटॉपवर एक सूर गोल गोल फिरत राहतो, संपतच नाही. तो ऐकायचा, पट्टी फुंकायची, खरवडायची, परत ऐकायचा. रेवा म्हणाली, स्क्रीनवर बघ, लाटा दिसतात. मी लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे फिरवलं. बघून नाही होत हे.

गंमत म्हणजे आयुष्यभर जी थरथर ऐकू आली की थांबायचं नाही असं शिकले, तीच आता ऐकू आली की थांबायचं. हात ऐकत नाही. सवयीने पुढे जातो. दोनदा स्वतःच्या मनगटावर चापट मारली.

५ ऑक्टो., रवि.

तोमासभाऊ माणूस खट्याळ असणार. खालचे सूर सावकाश डुलवलेत, वरचे भराभर, एवढं ठीक. पण मधल्या ओळीत एक सूर आहे, तो बाकीच्यांपेक्षा जास्तच हलतो. चुकून म्हणावं तर नाही, तो प्रत्येक चालीत मोक्याच्या जागी येतो. मुद्दाम तिखट घातलंय. एलियासना तो वाजवून दाखवला तर मांडीवर थाप मारली, भावाचं नाव घेऊन काहीतरी म्हणाले, लुसने भाषांतर करायला नकार दिला. शिवी असणार.

मी आता त्यांच्याशी बोलते काम करताना. तोमासभाऊ, इथे काय केलंत? तोमासभाऊ, ही तुमची कानस बोथट होती वाटतं. श्री शेजारी बसून किसणीचा सराव करतो. बिल्डिंगमधल्या कोणी बघितलं तर काय म्हणतील असं वाटून हसू येतं.

८ ऑक्टो., बुध.

एकही तुटली नाही! देवाची कृपा, अण्णांचीही, आणि कोलंबियातले कोणते देव असतील त्यांचीही.

फक्त एक राहिली. डाव्या टोकाचं शेवटचं बटण, दाबतानाचा सूर. रेवाने रेकॉर्डिंग लावलं आणि आली माझ्या कुकरची शिट्टी. पहिल्यापासून शेवटपर्यंत शिट्टी, तिच्याखाली सूर आहे की नाही तेही कळेना. रेवाने शिट्टी गाळून बघितली. शिट्टी गेली, सूरही गेला.

तोमासभाऊंनी तिथे काय केलं होतं ते आता कोणालाच माहीत नाही. खालचा सूर, अंदाजाने सावकाश डुलवता येईल. पण माझा अंदाज म्हणजे तोमास नव्हे. कानस हातात घेऊन बसून राहिले.

एलियासनी हळूच कानस काढून घेतली. तो सूर वाजवला, माझा, सरळ, गुळगुळीत. कान लावून ऐकला. फोनमधली बाई म्हणाली, "इसे रहने दीजिए. यह आपका है."

डोळ्यांना पदर लावला. ड्रेसला पदर कुठला, ओढणी.

११ ऑक्टो., शनि.

झाला! झाला! झाला!

गोदाम खचाखच. कोलंबियाचे, मेक्सिकोचे, फिलिपिन्सचे, लेबनॉनचे, आपले तर होतेच. भजनी मंडळ आख्खं आलं, सुलभाताई नऊवारीत. म्हटलं, नऊवारी हो कशाला, तर म्हणे, "अगं आपली रेवा स्टेजवर, आणि मी काय जीन्समध्ये येऊ?"

रेवा एका बाजूला पाटी घेऊन, मधे एलियास, आणि कडेला माझा नवरा, रुवैसच्या रिफायनरीतला सीनिअर इंजिनिअर, गळ्यात किसणी. सुरुवातीला चेहरा सेफ्टी ऑडिट असल्यासारखा. तिसऱ्या चालीला शर्ट बाहेर.

पेटी थरथरली. भिंतीएवढ्या स्पीकरमधून, तोमासभाऊंची थरथर, आणि खालून रेवाचा घुमारा तिच्या मागे मागे, एलियास धावले की धावणारा, रेंगाळले की रेंगाळणारा. पोटात हलतं ते. लुस स्टेजसमोर उभी राहून हसत रडत होती. मग तो तिखट सूर आला आणि मागून एक कोलंबियन म्हातारा ओरडला. मलाही ओरडावंसं वाटलं, म्हणून ओरडले.

मग सुलभाताईंनी माझा हात धरला. "चल." फुगडी. दुबईतल्या गोदामात, कुंबियावर. बायकांचं रिंगण झालं, दोन मेक्सिकन मुली शिरल्या, एका अरबी मुलीने विचारलं, "वॉट इज दिस डान्स?" सुलभाताई गरगर फिरता फिरता, "फुगडी हबीबी, यल्ला, कम!" गुडघे उद्या बघू.

शेवटची चाल संथ होती. रेवाने एकेक करून सगळं बंद केलं, ठोके, घुमारा. श्रीने किसणी धरून थांबवली. एकटी पेटी उरली, थरथरत. आणि अगदी शेवटी एलियासनी डाव्या टोकाचं बटण दाबलं. या चालीत तो सूर नव्हता, इतके दिवस ऐकतेय, कधीच नव्हता. सरळ, न हलणारा सूर. भाता संपेपर्यंत धरला. माझ्याकडे बघत.

अण्णा, ऐकलंत ना.

१५ ऑक्टो., बुध.

एलियास गेले. दिवाळीच्या आधी चकली-चिवडा तळून दिला, चार दिवस आधीच फराळ केला, पहिल्यांदाच. पेटी विमानात हातात घेऊन जायची, डिकीत नाही, लुसला तीनदा बजावलं. ती म्हणाली, "आंटी, आय विल नेव्हर ओपन अ डिकी अगेन."

एअरपोर्टवर मला घट्ट मिठी. श्रीला किसणी त्यांना द्यायला लावली, भेट म्हणून. त्यावर रेवाने मार्करने तारीख घातली होती. घरी आता खोबरं विळीवरच.

दुपार फार शांत गेली. भिंतीला कान लावून बघितला, वेडेपणा.

२२ ऑक्टो., पाडवा

ओवाळणं झालं, श्रीने साडी दिली, रंग बरा आहे. रेवाला दुसऱ्या एका गोदामातून बोलावणं आलंय, डिसेंबरात. एलियासना परत बोलवायचं घाटतंय, व्हिसा, तिकीट, बघू.

संध्याकाळी लुस आली, फोनवर वडिलांचा मेसेज घेऊन. ती ऐकवत होती, थांबवत होती, सांगत होती. गावात पोचले त्या रविवारी अंगणात वाजवली. शेजारची म्हातारी घरातून बाहेर येऊन म्हणाली, तोमास कोणाकडे आलाय? हे त्यांनी तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा हसत.

मग पुढचं. तोमासचा चेला आता तिकडे पेट्या लावतो. त्याने ऐकली, वा म्हणाला. शेवटच्या बटणाशी आला आणि थबकला. हा एक चुकलाय म्हणाला. सोडून जा माझ्याकडे, दुपारभरात नीट करून देतो. एलियासनी पेटी त्याच्या हातून काढून घेतलीय, पण तो रोज विचारतो. गावातले दोघे-तिघेही तेच म्हणतात, तेवढा एक टोचतो. म्हणून विचारलंय : दोन्या नांदा, सूर तुमचा आहे, काय सांगू त्याला?

लुस उत्तरासाठी थांबली होती. तो चेला चुकीचं बोलत नाहीये. मी त्याच्या जागी असते तर कानस आधीच हातात असती. किंबहुना होतीच.

ती गेल्यावर माझी पेटी उघडली. अण्णांनी लावलेली, जोडसुरांची, म्हणजे हिलाही प्रत्येक सुराला दोन पट्ट्या, एकूणएक जोडी मिळालेली. मंद्रातला, खालच्या सप्तकातला पंचम निवडला, जो प्रत्येक अभंगात येतो. एक पट्टी मुळाशी खरवडली, अगदी हलकी, एकदाच. थांबायचं कुठे ते आता हाताला ठाऊक आहे. बंद करून वाजवली. सगळे सूर शांत, आणि तो एक डुलतोय, शेजारच्याशी गप्पा मारत.

शनिवारी भजन आहे. सुलभाताईंचा कान तिखट, पहिल्याच अभंगाला मान वळवून बघतील. लुसला कळवलंय, बाबांना सांग शनिवारपर्यंत थांबा. सुलभाताईंना तो टोचतो की चालतो ते आधी ऐकते, मग उत्तर.